‘बट’ म्हणजे पण. पण कोणता पण?



संध्याकाळी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पाचवीतल्या एका मुलाने परवा वहीत भाषांतर करून आणले. मराठी वाक्य साधेच होते, ‘मला पण आंबा पाहिजे.’ खाली टपोऱ्या अक्षरांत इंग्रजी केले होते, ‘आय बट वॉन्ट मँगो.’

मला हसू आले. लाल पेन उचलले, फुली मारणार तोच हात थांबला. मुलाचे चुकले काय? ‘बट म्हणजे पण’ हे आम्हीच त्याच्याकडून घोकून घेतले होते. त्याने इमानेइतबारे ‘पण’ दिसला तिथे ‘बट’ ठेवून दिला. चूक असलीच तर ती शब्दार्थांच्या यादीची. यादीत एका शब्दापुढे एकच शब्द असतो, आणि घरात मात्र एकच शब्द चार जणांची कामे करतो, अगदी आपल्यासारखा!

म्हणून आज आपल्या सदरात हा एवढासा तीन अक्षरी ‘बट’. तुम्ही म्हणाल, यात शिकायचे काय? हा तर अंगणवाडीतल्या पोरालाही येतो. येतो खरा, पण तो कुठे ठेवायचा ते भल्याभल्यांना येत नाही. आणि चुकीच्या जागी ठेवलेला ‘बट’ माणसाच्या मनाला किती लागतो, ते मी स्वतः अनुभवले आहे. ती गोष्ट शेवटी सांगते. आधी व्याकरण.

आपला ‘पण’ आधी ओळखा

मराठीत ‘पण’ दोन जागी बसतो. ‘मी गेले, पण दुकान बंद होते.’ इथे तो दोन वाक्यांच्या मध्ये, उंबऱ्यावर बसला आहे. शाळेत आपण याला न्यूनत्वबोधक उभयान्वयी अव्यय म्हणत होतो. पण, परंतु, परी, किंतु ही सगळी त्याच घरची भावंडे. दुसरा ‘पण’ एखाद्या शब्दाच्या पाठीशी येऊन उभा राहतो. ‘मी पण येते.’ ‘तिला पण वाढ.’ इथे त्याचा अर्थ सुद्धा, देखील.

खूण अगदी सोपी आहे. ‘पण’ काढून तिथे ‘परंतु’ घालून पाहा. वाक्य चालले तर इंग्रजीत ‘बट’. चालले नाही आणि ‘सुद्धा’ घातल्यावर चालले, तर ‘टू’ किंवा ‘ऑल्सो’. ‘मला परंतु आंबा पाहिजे’ असे कोणी म्हणत नाही; ‘मला सुद्धा आंबा पाहिजे’ म्हणतात. म्हणून ‘आय वॉन्ट अ मँगो टू.’ मुलांना ही खूण एकदा सांगा, पुन्हा चुकणार नाहीत.

(पैजेचा पण, पणाला लावणे यातला पण, आणि बालपण-मोठेपण यांतला पण, हे नुसते नावाचे सारखे. ते आपल्या आजच्या पंगतीत नाहीत.)

आता एक गंमत सांगते. आपला ‘पण’ आला संस्कृतातल्या ‘पुनः’वरून. पुनः म्हणजे पुन्हा, आणखी. प्राकृतात त्याचे ‘पुण’ झाले आणि आपल्याकडे ‘पण’. शेजारच्या गुजरातीतही ‘पण’च आहे, आणि तोही ‘परंतु’ आणि ‘सुद्धा’ ही दोन्ही कामे करतो. म्हणजे आपल्या ‘पण’च्या मुळाशी आणखी काहीतरी आणून ठेवणे आहे.

इंग्रजी ‘बट’चे मूळ नेमके उलटे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द ‘बुटान’ असा होता. त्यात आजच्या ‘आउट’चा पूर्वज बसलेला आहे. अर्थ होता बाहेर, वगळून. स्कॉटलंडच्या खेड्यांत दोन खोल्यांच्या घराला ‘बट अँड बेन’ म्हणत. बाहेरची खोली, जिथे चूल असायची, ती ‘बट’ आणि आतली खोली ‘बेन’. म्हणजे तिथेही स्वयंपाकवाली ‘बट’मध्येच! असो. ध्यानात एवढेच ठेवायचे की आपला ‘पण’ आणखी एकाला आत घेतो आणि इंग्रजांचा ‘बट’ मुळात कोणाला तरी बाहेर ठेवतो.

‘बट’ची बाकीची कामे

हे मूळ कळले की ‘बट’चे पुढचे अर्थ पाठ करावे लागत नाहीत.

एक, ‘सोडून’. ‘एव्हरीवन बट मी’ म्हणजे मी सोडून सगळे. ‘ऑल बट वन पापड ब्रोक’ म्हणजे एक सोडून सगळे पापड मोडले. कोर्टात शपथ घेताना इंग्रजीत ‘नथिंग बट द ट्रुथ’ म्हणतात, ते हेच. खऱ्याखेरीज काही नाही.

याच अर्थाचा एक प्रयोग मुलांना फार छळतो, ‘लास्ट बट वन’. मी तो आमच्या खोपोली लोकलवर शिकवते. कर्जत सोडले की पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी आणि शेवटी खोपोली. शेवटचे एक सोडून जे शेवटचे, ते ‘लास्ट बट वन’, म्हणजे लौजी. ‘नेक्स्ट बट वन’ म्हणजे पुढचे एक सोडून त्यापुढचे. कर्जतहून निघालात तर केळवली. तुमच्या गावाहून सुटणाऱ्या एस्टीचे थांबे घ्या आणि मुलांना विचारा. खेळता खेळता शिकतील.

दोन, ‘जवळजवळ’. ‘द राइस इज ऑल बट डन.’ याचा अर्थ भात सोडून सगळे झाले असा नाही हं! भात होतच आला आहे, एक वाफ तेवढी बाकी. ‘ऑल बट’च्या पुढे माणूस, वस्तू किंवा आकडा आला तर ‘सोडून सगळे’. ‘झाले’, ‘संपले’ अशा अर्थाचा शब्द आला तर ‘जवळजवळ’.

तीन, ‘मुळीच नाही’. ‘द एक्झाम वॉज एनीथिंग बट इझी.’ परीक्षा आणखी काही म्हणा, सोपी मात्र मुळीच नव्हती. मुलाने शाळेतून येऊन असे म्हटले आणि तुमच्या कानाला फक्त ‘इझी’ ऐकू आले, तर तुम्ही उगाच पेढे आणाल.

चार, ‘नसते तर’. ‘बट फॉर यू, आय वुड हॅव मिस्ड द ट्रेन.’ तुम्ही नसता तर माझी गाडी चुकली असती. इथे ‘पण तुमच्यासाठी’ असा अर्थ लावलात तर समोरच्याने मानलेले आभार वाया जातील.

पाच, ‘फक्त’. ‘ही इज बट अ चाइल्ड.’ अजून लहानच आहे तो. हा प्रयोग जुना, पुस्तकी आहे. बोलताना वापरू नका, वाचताना ओळखा. यातही एक गंमत आहे. आपला ‘मात्र’ बघा. ‘सगळे आले, ती मात्र आली नाही’, इथे ‘मात्र’ म्हणजे पण. आणि ‘नाममात्र भाडे’, इथे ‘मात्र’ म्हणजे नुसते, फक्त. सातासमुद्रापलीकडच्या ‘बट’ने आणि आपल्या ‘मात्र’ने एकमेकांना न विचारता तीच दोन कामे पत्करली आहेत.

सहा, ‘नव्हे, तर’. ‘शी इज नॉट माय डॉटर बट माय निस.’ ती माझी मुलगी नव्हे, तर भाची. मराठीत इथे आपण ‘पण’ म्हणत नाही, ‘तर’ म्हणतो. त्यामुळे मुले इथे ‘बट’ घालायला विसरतात. यालाच ‘ओन्ली’ आणि ‘ऑल्सो’ जोडले की ‘नॉट ओन्ली… बट ऑल्सो’. ‘शी नॉट ओन्ली कुक्स बट ऑल्सो टीचेस.’ ती नुसता स्वयंपाक करत नाही, शिकवते पण. हे वाक्य मला फार आवडते. का, ते कळेलच.

तीन नेहमीच्या चुका

पहिली चूक आपल्या ‘जरी-तरी’ची. मराठीत ‘जरी पाऊस होता, तरी आम्ही गेलो’ असे दोन्हीकडून बांधावे लागते, मोळीला दोन बंध बांधतात तसे. इंग्रजीला एकच बंध पुरतो. ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, वी वेंट’ किंवा ‘इट वॉज रेनिंग, बट वी वेंट’. ‘ऑल्दो’ पण आणि ‘बट’ पण असे दोन्ही एका वाक्यात आले की परीक्षक गुण कापतो. ही चूक मोठमोठे पदवीधर करतात. मीही करत होते.

दुसरी, स्वल्पविरामाची. ‘बट’च्या दोन्ही बाजूंना पुरी वाक्ये असतील, म्हणजे दोन्हीकडे आपापला कर्ता आणि आपापले क्रियापद असेल, तर ‘बट’च्या आधी स्वल्पविराम द्यायचा. ‘आय कॉल्ड हर, बट शी डिड नॉट आन्सर.’ नुसते दोन शब्द जोडायचे असतील तर नको. ‘स्मॉल बट क्लीन.’ आणि स्वल्पविराम ‘बट’च्या आधी, नंतर नाही.

तिसरी चूक खरे तर चूकच नाही. ‘बट’ने वाक्य सुरू करू नये, असे आपल्याला बाईंनी सांगितलेले असते. तसा नियम नाही. चांगले चांगले लेखक करतात. मात्र बँकेला, शाळेला अर्ज लिहिताना वाक्याच्या सुरुवातीला ‘हाउएव्हर’ लिहून पुढे स्वल्पविराम द्यावा. ते जास्त शोभते. आपल्याकडे सरकारी पत्रात ‘तथापि’ असते, तसेच.

‘बट’मध्ये लपलेले मत

इथवर व्याकरण झाले. आता जरा खोलात जाऊ.

‘अँड’ आणि ‘बट’ दोन्ही जोडायचेच काम करतात. मग फरक कशाचा? ‘बट’ म्हणतो की पहिली गोष्ट ऐकून तुम्हाला जे वाटले असेल, तसे झाले नाही. म्हणजे ‘बट’ घालणाऱ्याच्या डोक्यात आधीपासून काहीतरी अपेक्षा असते.

आमच्या भागातलीच उदाहरणे घेऊ. खालापूर तालुक्यात चावणी गावाजवळ उंबरखिंड आहे. २ फेब्रुवारी १६६१ रोजी तिथे शिवाजी महाराजांनी कारतलबखानाच्या फौजेला कोंडले. ‘द आर्मी वॉज बिग, बट द पास वॉज नॅरो.’ फौज मोठी होती, पण खिंड अरुंद होती. फौज मोठी म्हटल्यावर ती जिंकेल असे कोणालाही वाटेल. तसे झाले नाही, म्हणून ‘बट’. त्या फौजेत रायबागन नावाची एक बाई सरदार होती, हेही मुलांना जरूर सांगा. आणि सांगताना ‘बाई होती, पण सरदार होती’ असे सांगू नका!

दुसरे उदाहरण आमच्या पाताळगंगेचे. ‘स्मॉल रिव्हर्स ड्राय अप इन मे, बट द पाताळगंगा फ्लोज.’ खोपोलीला १९१५ साली टाटांचे वीजघर सुरू झाले. घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी वीज करून झाल्यावर खाली नदीत सोडतात, म्हणून भर उन्हाळ्यातही तिला पाणी असते. हेही ‘बट’ प्रामाणिक आहे. मे महिन्यात लहान नद्या आटतात हे कोणीही डोळ्यांनी पाहू शकते.

आता हे वाक्य पाहा, ‘पुअर बट ऑनेस्ट.’ गरीब, पण प्रामाणिक. कानाला गोड लागते. स्तुतीच आहे असे वाटते. पण मधल्या ‘पण’ने काय म्हटले? गरीब म्हटल्यावर माणूस अप्रामाणिक असेल असे तुम्हाला वाटले असेल, तसे नाही. का बरे वाटावे असे? कोणी ठरवले?

आपल्या लग्नाच्या जाहिराती आठवा. ‘मुलगी सावळी, पण नाकीडोळी नीटस.’ सावळेपण आणि नीटस नाकडोळे यांचे काय वैर आहे? तिथे ‘सावळी, नाकीडोळी नीटस’ एवढेच लिहिले असते तर दोन गुण झाले असते. एका ‘पण’ने एक दोष झाला आणि एक भरपाई झाली. माझ्या स्वतःच्या स्थळाच्या पत्रात ‘उंची कमी, पण घरकामात चपळ’ असे लिहिले होते. उंच बायका घरकामात आळशी असतात की काय, कोण जाणे!

म्हणून ‘बट’ दिसला की एक चाचणी करा. त्याच्या जागी मनात म्हणा, ‘यावरून कोणालाही वाटेल की…’ आणि पुढचे पूर्ण करा. ते पटले तर ‘बट’ खरा. म्हणतानाच जीभ अडखळली, तर तो ‘बट’ नाही, कोणाचा तरी गैरसमज आहे.

माझ्या अर्जावरचा ‘बट’

आता ती गोष्ट सांगते.

चार वर्षांपूर्वी माझी धाकटी मुलगी शाळेत जाऊ लागली आणि दुपारी घर एकदम रिकामे वाटायला लागले. आठ वर्षे मी घरच सांभाळत होते. बी.ए.चे प्रमाणपत्र लोखंडी कपाटात, पैठणीच्या घडीखाली. खालापूर तालुक्यातल्या एका शाळेत इंग्रजीला अर्धवेळ बाई पाहिजेत असे कळले. मी अर्ज केला. बोलावणे आले. दहाच्या लोकलने खोपोलीला गेले.

टेबलापलीकडे तिघे बसले होते. माझा अर्ज मधल्या गृहस्थांपुढे होता. वर कोपऱ्यात पेन्सिलीने काहीतरी लिहिले होते. मुलांच्या वह्या टेबलाच्या या बाजूने तपासायची सवय असली की उलटे अक्षर वाचता येते. लिहिले होते, ‘ग्रॅज्युएट, बट हाउसवाइफ.’

दोन-चार प्रश्न विचारले. नवरा काय करतो, मुले केवढी आहेत, सासूबाई घरी असतात का. इंग्रजीचा एकही प्रश्न नाही. ‘कळवू’ म्हणाले. परतीच्या गाडीत खिडकीशी बसले आणि लौजी, डोलवली, केळवली अशी स्टेशने मोजत राहिले. त्यांनी खोटे काहीच लिहिले नव्हते, हेच जास्त टोचत होते. मी पदवीधर आहे, खरे. मी गृहिणी आहे, तेही खरे. मग लागले काय? लागला तो मधला ‘बट’. दोन्ही माहिती माझी होती, ‘बट’ तेवढा त्यांचा होता. आणि त्या ‘बट’ने आठ वर्षांचा हिशेब, आजारपणे, दोन मुलांचा अभ्यास, सगळे पुसून मला खोलीच्या बाहेर ठेवले होते.

घरी आले तेव्हा सासूबाई पडवीत तांदूळ निवडत होत्या. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत. चेहरा बघून म्हणाल्या, “काय गं, नाही जमलं?”

मी सांगितले, “आई, त्यांनी अर्जावर ‘बट हाउसवाइफ’ असं लिहिलं होतं.”

“बट म्हंजे?”

“म्हणजे पण.”

त्यांनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. म्हणाल्या, “मग बरोबरच लिवलंय की! शिकलेली हाये आन् गृहिणी पन हाये. त्यात रडायचं काय?”

मी बघतच राहिले. त्यांनी ‘पण’ आपल्या घरचा ऐकला होता, पाठीशी उभा राहणारा, आणखी एकाला आत घेणारा. पाचवीतल्या त्या मुलाने केली तीच चूक त्यांनी उलट्या बाजूने केली होती, आणि मला ती चूक त्या तिघांच्या बरोबर इंग्रजीपेक्षा कितीतरी शहाणी वाटली.

ती नोकरी मला मिळाली नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका शाळेत अर्ज केला, तेव्हा मी तो चार वेळा लिहिला. आधी लिहिले होते, ‘आय हॅव बीन अ हाउसवाइफ, बट आय अॅम अ ग्रॅज्युएट.’ वाचून पाहिले. यात मी स्वतःच माझ्या घराला बाहेर ठेवत होते. ते खोडले. शेवटी लिहिले, ‘आय अॅम अ ग्रॅज्युएट अँड अ हाउसवाइफ.’ नुसता ‘अँड’. आता आठवड्याला बारा तास शिकवते. पगार फार नाही, पण तास माझे आहेत.

(बघा, वरच्या वाक्यातल्या ‘पण’ची जागा मी विचार करून ठेवली आहे. ते कसे, ते आता सांगते.)

शेवटी काय ठेवायचे

‘बट’च्या आधीचे ऐकले जाते आणि नंतरचे लक्षात राहते. आमच्या कर्जत तालुक्यातल्या माथेरानचे भाई कोतवाल २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हुतात्मा झाले. तिशी नुकती पुरी झाली होती. ‘ही इज रिमेम्बर्ड, बट ही डाइड यंग’ असे लिहिले तर वाचणारा हळहळतो. ‘ही डाइड यंग, बट ही इज रिमेम्बर्ड’ लिहिले तर वाचणारा ताठ बसतो. माहिती तीच आहे, एक अक्षर बदललेले नाही. फक्त ‘बट’च्या पुढे काय ठेवले एवढाच फरक.

हा फरक घरात रोज वापरता येतो, आणि त्याला इंग्रजी यावे लागत नाही. ‘भाजी छान झाली, पण मीठ कमी आहे.’ ऐकणाऱ्या बाईच्या मनात दिवसभर मीठच राहते. ‘मीठ जरा कमी आहे, पण भाजी छान झाली’ म्हटले तर मीठही कळते आणि भाजीही पोटात जाते. हे वाक्य आज ‘ह्यां’ना वाचून दाखवा. आणि ते झाले की आपली पाळी. मुलाच्या प्रगतिपुस्तकावर आपण काय म्हणतो? ‘मराठीत चांगले मिळाले, पण गणितात बघ काय दिवे लावलेत!’ मराठीचे गुण त्या पोराने ऐकलेच नाहीत. उलटे म्हणून पाहा. ‘गणितात अजून कष्ट हवेत, पण मराठी तुझं फार छान आहे.’ गणिताचा रट्टा तेवढाच बसतो, फक्त पोरगे उठून वही आणते.

माफी मागताना तर ‘बट’ नकोच. ‘सॉरी, बट तूच आधी बोललीस.’ इथे ‘सॉरी’ कुठे उरले? माफी मागायची तर ‘सॉरी’वर पूर्णविराम द्या. नंतरचे नंतर बोला.

घरचा सराव

वही काढा. आधी सोडवा, मग खाली उत्तरे बघा.

१. ‘बाबा पण येणार आहेत’ याचे इंग्रजी करा.
२. ‘ऑल्दो शी वॉज टायर्ड, बट शी कुक्ड.’ यातली चूक काढा.
३. ‘द टँक इज ऑल बट एम्प्टी.’ टाकीत पाणी आहे की नाही?
४. कर्जतहून सुटलेल्या खोपोली लोकलमध्ये तुम्हाला ‘लास्ट स्टॉप बट टू’ला उतरायचे आहे. स्टेशन कोणते?
५. ‘तिचं शिक्षण कमी, पण हिशेबाला पक्की.’ यातला ‘पण’ वरच्या चाचणीवर तपासा आणि वाक्य आपल्या मनाने पुन्हा लिहा.

उत्तरे : १. ‘फादर इज कमिंग टू.’ इथे ‘बट’ नाही. २. दोन बंध झाले. ‘ऑल्दो’ किंवा ‘बट’ यांतला एक काढा. ३. आहे, पण अगदी तळाशी, मोटर लावा. ४. शेवटची दोन सोडून जे शेवटचे, ते डोलवली.

पाचव्याचे उत्तर मी देत नाही. माझ्या सासूबाई चौथी शिकलेल्या आहेत आणि दूधवाल्याचा, वाण्याचा महिन्याचा हिशेब तोंडी करतात. मी ते वाक्य त्यांना वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, “पन कशाला मधी घातलास? काढ तो.” मी काढला.

पुढच्या वेळी ‘टिल’ आणि ‘बाय’ या दोघांचे भांडण सोडवू. तोवर वहीतल्या आणि घरातल्या सगळ्या ‘बट’वर नजर ठेवा.

तुमची,
बाई